उन्हाळ्यातला ओढा

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'उन्हाळ्यात मासा कुठे जातो?' त्याचं उत्तर मी देणार आहे, पण आधी थोडा वेळ काठावर बसू. पाण्यात एकदम उतरलं की मासे पळतात.

बेळगावात मासे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोव्याकडून, कारवारकडून येणाऱ्या बर्फाच्या पेट्या येतात. बांगडा, सुरमई. सुरमई मलाही आवडते, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण आपलं स्वतःचं पाणी किती आहे बघा. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वाहत थेट कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई पश्चिमेला वळून गोव्यात उतरते. आपली मार्कंडेय बैलूरच्या डोंगरातून निघते, राकसकोपला थांबून बेळगावची तहान भागवते, पुढे गोडचिनमलकीला कड्यावरून उडी घेते आणि गोकाकच्या बाजूला घटप्रभेत जाते. या नद्यांची नावं शाळेतल्या पोरांना पाठ असतात. त्यांना पाणी आणून देणाऱ्या ओढ्यांची नावं मात्र नकाशातही नसतात. आमच्या गावातल्या ओढ्याला ह्या काठाची माणसं ओढा म्हणतात, त्या काठाची हळ्ळ म्हणतात. मासा दोन्ही काठांना येतो.

इथे गळ किती जणांनी टाकलाय? हात वर करा बघू. बरेच आहेत. आता घरी न सांगता ज्यांनी टाकलाय त्यांनी हात तसाच ठेवा. बघा, एकही हात खाली आला नाही!

मला गळ धरायला आज्जानं शिकवलं. बाजारातून गळ आणायचा, चार हात तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, मेसाची काठी आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या ताटातला भेंड. भेंड बोटाच्या पेराएवढाच हवा. मोठा झाला तर लहान माशाची ओढ त्याला कळत नाही. गांडुळं गोठ्यामागच्या ओल्या उकिरड्यात मिळायची. आज्जाचं पहिलं वाक्य होतं, "पोरा, पाण्यावर सावली पाडू नको." म्हणून सकाळी आम्ही पूर्वेच्या काठाला बसत नसू. सूर्य पाठीशी आला की आपली लांब सावली आपल्या आधी पाण्यावर जाते.

मग भेंडाकडे बघत राहायचं. दांडवण आली तर भेंड नुसता थरथरतो, टुकटुक, टुकटुक, आणि गांडूळ संपतं. शिंगटी भेंडाला सरळ खाली घेऊन जाते. वाम तिरकी ओढते, करंजाच्या मुळांत शिरायला बघते, आणि एकदा शिरली की तंगूस तुटते पण वाम निघत नाही. मरळ गळ तोंडात घेऊन थोडी थांबते. त्या थांबण्यात माणसाचा श्वासही थांबतो. शिंगटी हातात आली की ती धरायची कशी हे माहीत असावं लागतं. पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे तिचे काटे ताठ होतात, आणि ती कटकट असा आवाज करते. ज्यानं तो आवाज हाताच्या तळव्यात ऐकलाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

वळवाच्या दुसऱ्या दिवशी तर बघायलाच नको. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव झोडपून जातो, सकाळी पाणी ताकासारखं किंचित गढूळ असतं, काठावरच्या उंबराची फळं रात्रीच्या वाऱ्यानं सैल झालेली असतात. टपकन एक उंबर पाण्यात पडतं आणि चारी बाजूंनी मासे धावतात. त्या उंबराखाली बसून मी अख्खी सुट्टी काढली आहे.

नावांचं एक सांगतो, हे मला फार आवडतं. कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. त्यानं दख्खनच्या नद्यांतले मासे जमवून त्यांची वर्णनं १८३९ साली छापली. नावं देताना त्यानं इथल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. आपला मळ्या शास्त्रात 'गॅरा मुल्या' आहे. आपली शिंगटी 'मिस्टस सींगटी' आहे. जगात कुठेही, कुठल्याही भाषेतल्या पुस्तकात, तिला मराठी नावानंच हाक मारावी लागते. त्या मळ्याला उलटा करून बघा. हनुवटीखाली गोल चकती असते. तिनं तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. म्हणून तो गळाला फारसा येत नाही. पोरं त्याला दगडाखाली हात घालून धरतात.

आता जे मला बोलायचंच आहे ते. आमच्या ओढ्यावर म्हसोबाजवळ एक डोह आहे. गुडघाभर पाण्याचा ओढा तिथं पुरुषभर खोल होतो. मार्चनंतर वरचा ओढा आटतो, खालचा आटतो, पण डोह राहतो. एका मे महिन्यात रात्री काही जणांनी त्यात ब्लीचिंग पावडरच्या पिशव्या ओतल्या. कोण ते मला माहीत होतं, गावालाही माहीत होतं, नावं मी आजही घेणार नाही. त्यांना कुठल्याशा जेवणावळीसाठी बुट्टीभर मासे हवे होते.

मी सकाळी सहाला नेहमीसारखी काठी घेऊन गेलो. आधी वास आला, शाळेच्या टाकीला येतो तसा. मग खेकडे दिसले. खेकडे पाण्यातून बाहेर पडून दगडांवर चढले होते, एकावर एक, डोळे वर काढून, आणि कोणी हात लावला तरी हलत नव्हते. दांडवणी, कडव्या पांढरी पोटं वर करून काठाला लागल्या होत्या, जशा लग्नाच्या मांडवात अक्षता पडाव्यात. वाम, जी आयुष्यभर मुळांच्या अंधारात राहते, ती उघड्या वाळूवर येऊन पडली होती. आणि मरळीची पिलं. मरळ पिलं सांभाळते, मंडळी. बोटभर लांबीची पिलं थव्यानं वर असतात आणि आईबाप त्यांच्याखाली पहारा देत फिरतात. तो थवा मी आठवडाभर रोज बघत होतो, गळ बाजूला ठेवून. त्या दिवशी तो एका पळसाच्या पानाशेजारी तरंगत होता, सगळा. मोठे मासे ते लोक घेऊन गेले होते. हे उरलेलं त्यांच्या कामाचं नव्हतं.

आज्जा तेव्हा ऐंशीच्या घरात होता. काठी टेकत आला, डोहाकडे बघितलं आणि म्हणाला, "बियाणं खाल्लं रे यांनी." मग तो दिवसभर काही बोलला नाही.

पुढच्या पावसात ओढा भरून वाहिला, सगळं धुऊन गेलं, पाणी काचेसारखं झालं. पण मासा नव्हता. दुसऱ्या वर्षी दांडवण दिसली. दगडाखाली मळ्या सापडायला तिसरा उन्हाळा लागला. त्या तीन वर्षांत मी काठी हातात धरली नाही, पण काठावर जात राहिलो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे विषयाला हात घालतो.

मासा कुठे जातो, तर डोहात जातो. फेब्रुवारीपासून पाणी उतरू लागलं की दोन-तीन मैलांच्या ओढ्यातला सगळा जीव अशा पाच-सहा खड्ड्यांत गोळा होतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. मरळ आणि शिंगी (ही शिंगटीहून वेगळी) वर येऊन हवेतून श्वास घेतात म्हणून तगतात. बाकीचे सावलीमुळे तगतात, म्हणजे करंज, वाळुंज, उंबर यांच्यामुळे. काठ साफ करतो म्हणून ही झाडं तोडली की डोह तापतो. जेसीबी लावून ओढा सरळ, एकसारखा केला की डोहच जातो. आणि तळाची वाळू काढली की पाणी धरून ठेवणारं काही उरत नाही.

मग मिरगाचा पाऊस पडतो. डोहात तगलेले तेच मासे अंडी घेऊन उलट्या प्रवाहानं वर निघतात, बांधावरून भाताच्या खाचरात शिरतात. चढणीचा मासा. त्याच वेळी आपण बांधाच्या तोंडाला जाळी आणि बुट्ट्या लावून बसतो, मिरगाला मासा खायचा म्हणून. मी तुम्हाला कळवळून सांगतो, ते पहिले आठ-दहा दिवस सोडा. पोटात अंडी असलेली मादी पकडली तर परत पाण्यात टाका. मरळीच्याच कुळातला एक वीतभर मासा आहे, त्यातला नर पिलं होईपर्यंत अंडी तोंडात घेऊन फिरतो. तेवढे दिवस त्याला द्या.

उन्हाळ्यात गळानं धरा, मनसोक्त धरा. गळाला एका वेळी एक मासा येतो, आणि तो कुठला घ्यायचा, कुठला सोडायचा हे हातात धरून ठरवता येतं. औषध, सुरुंग, बॅटरीचा करंट, यांना ते ठरवता येत नाही. आणखी एक, तलावात सोडायला म्हणून आणलेली चिलापी ओढ्यात टाकू नका. ती १९५२ साली भारतात आली, कुठल्याही पाण्यात भराभर वाढते आणि इथल्या लहान माशांची जागा खाते. तिला मात्र वर्षभर धरा, हवी तेवढी.

दुसरी चिठ्ठी आली. बरं. परवा रविवारी सकाळी सहाला मी त्या म्हसोबाच्या डोहावर आहे. घरात दहा-बारा वर्षांची पोरं असतील तर पाठवा. गळ आणि काठ्या मी आणतो, गांडुळं तेवढी त्यांना आणायला सांगा, आणि टोप्या. गेल्या आठवड्यात उंबराखाली मरळीच्या पिलांचा थवा दिसलाय. त्या बाजूला गळ टाकायचा नाही, हे त्यांना घरूनच सांगून पाठवा.