पाणी नेमके कुठे उतरते आहे?

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, हे इथल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये नदी 57 फुटांच्याही वर गेली. आमच्या कॅमेऱ्यासमोर पुलाच्या कठड्याशी वही उघडून उभी असलेली ही मुलगी तेव्हा आठवीत होती. दत्तनगरातल्या तिच्या घरी मोबाईलवर बातमी आली, ‘कृष्णेचे पाणी ओसरू लागले’. त्या भरवशावर वडिलांनी माळ्यावर चढवलेली ज्वारीची पोती खाली घेतली आणि पहाटेपर्यंत ती भिजली. बातमी खोटी नव्हती; पाणी ओसरत होते ते वरच्या अंगाला, कराडला. ते पुढे सांगलीत येऊन इथली पातळी वाढवणार होते, पण बातमीत गावाचे नावच नव्हते.

आज ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असून महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकाचे काम पाहते. तिच्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे ठिकाण, वेळ आणि तो कोणी सांगितला याची नोंद असते. यांतले एक जरी राहिले, तरी तो आकडा भित्तिपत्रकावर लागत नाही. मैत्रिणींना हा काटेकोरपणा थोडा जाचतो, आणि त्यांचेही अगदीच चुकते असे नाही, कारण ताजी बातमी अनेकदा दुपारपर्यंत अडकून पडते.

गेल्या पावसाळ्यात एका संदेशात ‘कोयनेतून 50 हजार टीएमसी विसर्ग’ असे छापून आले. कोयना धरणाची एकूण साठवण क्षमताच 105.25 टीएमसी आहे. टीएमसी हे साठ्याचे माप, म्हणजे 100 कोटी घनफूट. विसर्ग मोजतात तो क्युसेकमध्ये; ते प्रवाहाचे माप, म्हणजे सेकंदाला एक घनफूट. सुमारे साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला, तर धरणातून एक टीएमसी पाणी बाहेर पडते. हा हिशेब तिने वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला लिहून ठेवला आहे.

छापण्याआधी खात्री करण्याचा विषय निघाला, की ती ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर यांची आठवण काढते. आगरकर कराडजवळच्या टेंभूचे, म्हणजे याच कृष्णेच्या काठचे. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूर संस्थानचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध मजकूर छापल्याबद्दलच्या खटल्यात, टिळक आणि आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले, ही कथा आपल्याकडे बाणेदारपणाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. ही मुलगी मात्र पुढचा भागही सांगते: बर्व्यांच्या नावावर छापलेली पत्रे बनावट निघाली होती आणि दोघांनी माफीही मागितली होती.

चित्रीकरण चालू असतानाच वडिलांचा फोन येतो. “पाणी उतरतंय का गं?”

“कराडला उतरतंय, बाबा. सकाळी आठचा आकडा आहे. इथं अजून चढतंय.”