एका लादीमागची माणसं: न्यू ऑर्लिन्सची 'सेंट लुई क्रमांक एक' दफनभूमी

[दृश्य: बेसिन स्ट्रीटवरचं फाटक. आत पांढऱ्या, राखाडी, मधूनच विटा उघड्या पडलेल्या कबरींची दाटी.]

अमेरिकेच्या दक्षिणेत, लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या गाळावर न्यू ऑर्लिन्स वसलं आहे. फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीच्या पाठीला लागूनच ही दफनभूमी आहे. चारी बाजूंनी रस्ते आणि मध्ये एवढीशी जागा. कबरी साधारण 700. पुरलेली माणसं मात्र 1 लाखाच्या घरात असावीत, असं मानतात.

या आकड्यांचा मेळ कसा बसतो ते आधी पाहू. कारण इथल्या नामवंतांचा शोध घ्यायचा तर 'एक माणूस, एक कबर' हा हिशेब बाजूला ठेवावा लागतो.

1788 साली शहराला मोठी आग लागली, पूर आला, साथ आली. सेंट पीटर स्ट्रीटची जुनी दफनभूमी भरून गेली होती. तेव्हा राज्य स्पेनचं होतं. 1789 मध्ये वस्तीबाहेर ही नवी जागा सुरू झाली. सुरुवातीला इथंही जमिनीतच पुरत. पण दोन-तीन फूट खणलं की पाणी लागायचं. दुसरीकडे, भिंतीत कप्पे करून मृतांना ठेवायची चाल स्पॅनिश आणि फ्रेंच लोकांना ठाऊक होतीच. गरज आणि रीत अशा दोन्हींतून जमिनीवरच्या कबरी वाढल्या. पावसात शवपेट्या तरंगत रस्त्यावर यायच्या, ही गाइड मंडळींची लाडकी गोष्ट आहे. ऐकायला झकास, पण सगळं श्रेय तिला देऊ नये.

[दृश्य: एका कौटुंबिक कबरीचा दर्शनी भाग. कॅमेरा खालून वर.]

ही एक नेहमीची कौटुंबिक कबर. भिंती मऊ, स्थानिक विटांच्या. दरजा चुन्याच्या, वर चुन्याचाच गिलावा आणि त्यावर सफेदी. आत एकावर एक दोन कप्पे. सगळ्यात खाली, जोत्याच्या पातळीला, अस्थींसाठी एक पोकळी.

माणूस गेला की शवपेटी कप्प्यात सरकवतात. तोंड विटांनी बंद करून चुन्यानं लिंपतात आणि बाहेरून नावाची संगमरवरी लादी बसवतात. मग किमान एक वर्ष आणि एक दिवस कप्पा उघडायचा नाही, ही इथली रीत. न्यू ऑर्लिन्सचा उन्हाळा कडक आणि दमट. बंद कप्पा तापत राहतो आणि शरीर वेगानं विरून जातं. पुढचं दफन आलं की लादी उतरवतात, विटा काढतात. जुन्या पेटीचे अवशेष बाहेर काढून टाकतात. अस्थी मागच्या बाजूला ढकलल्या की खालच्या पोकळीत पडतात. कप्पा पुन्हा मोकळा. लादीवर आणखी एक नाव कोरलं जातं, आणि जागा संपली की नावं राहून जातात.

वर्ष पुरं व्हायच्या आत घरात दुसरा मृत्यू झाला तर? त्यासाठी दफनभूमीच्या कडेच्या जाड भिंतीत कप्प्यांच्या रांगा आहेत. पावाच्या भट्टीसारख्या कमानदार दिसतात म्हणून लोक त्यांना भट्ट्याच म्हणतात. त्यातला एखादा तात्पुरता भाड्यानं घ्यायचा आणि मुदत संपली की अस्थी घरच्या कबरीत आणायच्या. खालची रांग नीट पाहा. कमानींचा वरचा भागच दिसतो, बाकीचा जमिनीत गेला आहे. एवढ्या जड बांधकामाखाली गाळाची जमीन दबत जाते, तिला इलाज नाही.

पिवळ्या तापाच्या साथींत या साऱ्या नियमांवर केवढा ताण आला असेल, त्याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. 1853 च्या एकाच साथीत शहरात 8,000 च्या आसपास माणसं गेली.

[दृश्य: संगमरवरी लाद्या. फ्रेंच अक्षरं. एका लादीच्या खालच्या कोपऱ्यावर कॅमेरा थांबतो.]

लाद्या वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जुना मजकूर बहुधा फ्रेंचमध्ये असतो, आणि बाईचं नाव पुष्कळदा 'अमक्याची विधवा, माहेरची तमकी' असं असतं. दुसरं म्हणजे खालचा कोपरा. तिथं कधीकधी लादी घडवणाऱ्याची सही सापडते. फ्लोरव्हिल फोय हे त्यातलं मोठं नाव. गुलामगिरीच्या काळातला हा स्वतंत्र कृष्णवर्णीय संगमरवर-कारागीर स्वतःचा कारखाना चालवत होता.

[दृश्य: मारी लाव्होची कबर.]

सर्वाधिक गर्दी असते ती इथं. व्हूडू या आफ्रिकी मुळांच्या धर्मपंथाची 'व्हूडू राणी' म्हणून प्रसिद्ध झालेली मारी लाव्हो. जन्म 1801, मृत्यू 15 जून 1881. स्वतंत्र कृष्णवर्णीय घरातली, कॅथलिक, चर्चला जाणारी. साथीत रुग्णांची शुश्रूषा करणारी, फाशीच्या कैद्यांना तुरुंगात भेटणारी. लादीवर मात्र ठळक अक्षरात 'मारी लाव्हो' शोधू नका. तिथं 'विधवा पारी, माहेरची लाव्हो' यांचं कुटुंब, असा मजकूर आहे. 1819 मध्ये तिचं लग्न जाक पारीशी झालं होतं. पुढचा जोडीदार क्रिस्तॉफ ग्लापियाँ. त्याच्या नावानंही ही कबर ओळखली जाते. आत ती एकटी नाही. अनेकजण आहेत, काही नात्याबाहेरचेही.

कबरीवर तीन फुल्या मारून इच्छा मागायची, पुरी झाली की येऊन फुल्यांभोवती गोल काढायचा, ही प्रथा पर्यटकांत रुजली. व्हूडूत तिला आधार नाही. फुली काढायला लोक जवळच्या कबरीतून निखळलेला विटेचा तुकडा उचलत, म्हणजे एका माणसाच्या नवसापायी दोन कबरी खराब.

मग डिसेंबर 2013 मध्ये कुणीतरी अख्खी कबर गुलाबी रंगानं रंगवून टाकली. रंग होता लेटेक्सचा. आजच्या घरांच्या भिंतींना चालतो तसला.

[दृश्य: विटेचा जवळून दिसणारा भाग. पोपडे, पांढरी भुकटी.]

इथं जरा थांबू, कारण या दफनभूमीचा खरा शत्रू हाच आहे. मऊ वीट जमिनीतली ओल वर ओढते. वरचा गिलावा चुन्याचा असेल तर ओल त्यातून बाहेर पडते, भिंत वाळते. त्यावर लेटेक्स रंगाचा पापुद्रा चढला की ओल आतच कोंडते. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेत स्फटिक होऊन फुगतात, लोणा लागतो, आणि वीट आतून पीठ होत जाते. बाहेरून सगळं गुळगुळीत. एक दिवस रंगासकट गिलाव्याचा पोपडा हातात येतो.

सिमेंटचंही तेच. जुनी कबर मजबूत करायची म्हणून लोक पोर्टलंड सिमेंटनं दरजा भरतात. सिमेंट विटेपेक्षा कडक. तापमानाच्या चढउतारात भिंत हलते तेव्हा सिमेंट तसंच राहतं आणि विटेचा काठ तुटतो. दर्ज शाबूत, वीट गेली. भेगेत माती, मातीत रोप, रोपाची मुळं आतवर. आपल्याकडे गडावर चुन्याची घाणी पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, आणि आपल्याकडच्या दुरुस्त्यांत हीच चूक किती ठिकाणी झाली आहे तेही.

गुलाबी रंग काढतानाचा पेच असा की जोरदार पाण्याचा फवारा मारला तर रंगाबरोबर मूळ गिलावाही निघून जातो. म्हणून रंग मऊ करणारा लेप लावायचा, थोडाथोडा भाग हातानं सोडवायचा, खालचा गिलावा जिथं गेला असेल तिथं चुना-वाळूचाच नवा भरायचा. प्रमाण साधारण एकास तीन. तो घाईनं वाळू द्यायचा नाही, पाणी मारत राहायचं. शेवटी चुन्याची सफेदी. भिंत आधी ओली करून, दुधासारखी पातळ, तीन-चार हातांत. जाड एकच हात दिला की भुकटी होऊन झडते. 2014 मध्ये ही कबर नीट करण्यात आली. 1 मार्च 2015 पासून परवानाधारक गाइडशिवाय पर्यटकांना आत प्रवेश नाही.

[दृश्य: होमर प्लेसी यांची कबर.]

गर्दी पुढं निघून जाते, पण आमच्या मते इथली सगळ्यात महत्त्वाची कबर ही. डेबर्ग-ब्लांको कुटुंबाची. डेबर्ग हे होमर प्लेसी यांच्या आईच्या माहेरचं नाव.

प्लेसी व्यवसायानं चांभार, म्हणजे बूट बनवणारे. आठ पणजोबा-पणज्यांमध्ये आफ्रिकी वंशाची एकच व्यक्ती, दिसायला गोरे. 1890 मध्ये लुइझियानानं आगगाडीत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे करण्याचा कायदा केला. त्याला आव्हान देण्यासाठी शहरातल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी समिती नेमली आणि मुद्दाम खटला उभा केला. 7 जून 1892 रोजी प्लेसींनी पहिल्या वर्गाचं तिकीट काढलं, गोऱ्यांच्या डब्यात बसले, आणि विचारल्यावर आपला वंश सांगितला. त्यांना अटक करणारा खासगी गुप्तहेरही समितीनंच नेमला होता. अटक दुसऱ्याच एखाद्या कलमाखाली झाली असती तर सगळा खटाटोप वाया गेला असता. रेल्वे कंपनीलाही हा कायदा नको होता. जादा डबे जोडायचा खर्च कोण करणार?

18 मे 1896 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध एक मतानं प्लेसींच्या विरोधात निकाल दिला. 'वेगळे, पण समान' या तत्त्वाला कायद्याचं बळ मिळालं. जानेवारी 1897 मध्ये प्लेसींनी गुन्हा कबूल करून 25 डॉलर दंड भरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते तेव्हा प्लेसी हयात होते आणि तो निकाल लागू होता. प्लेसी 1925 मध्ये वारले. शाळांपुरतं ते तत्त्व 1954 मध्ये रद्द झालं. प्लेसींना राज्याची माफी मिळाली 5 जानेवारी 2022 रोजी.

[दृश्य: मॉर्फी कुटुंबाची कबर.]

बुद्धिबळवाल्यांनी इथं यावं. पॉल मॉर्फी, जन्म 1837. वकिलीची पदवी घेतली तेव्हा वकिली करण्याचं वय झालं नव्हतं. मधल्या वेळात 1857 मध्ये न्यूयॉर्कची पहिली अमेरिकन बुद्धिबळ परिषद जिंकली आणि 1858 मध्ये युरोप गाठला. पॅरिसमध्ये पट न पाहता आठ डाव एकाच वेळी खेळला. त्याच शहरात आडॉल्फ अँडरसन या अव्वल जर्मन खेळाडूला हरवलं: सात विजय, दोन पराभव, दोन बरोबऱ्या. पॅरिसच्या ऑपेरात खेळलेला 17 चालींचा डाव आजही शिकवणीत पहिल्या काही डावांत येतो. मोहरी झटपट बाहेर काढा, राजा उघडा ठेवू नका, हे त्याहून स्वच्छ कुठंच दिसत नाही. त्यानंतर मात्र मॉर्फीनं गंभीर स्पर्धा सोडली. वकिली जमली नाही, मन ढळलं. 10 जुलै 1884 रोजी, उन्हातून फिरून आल्यावर, आंघोळीच्या टबात मृत्यू. वय 47.

[दृश्य: एत्येन द बोरे यांची कबर, मग बाजूच्या ओळी.]

एत्येन द बोरे यांनी 1795 मध्ये लुइझियानाच्या उसापासून विकण्याजोगी दाणेदार साखर काढून दाखवली. नीळ किडीनं बुडाली होती, बोरे कर्जात होते. पाक नेमका कधी उतरवायचा हे जाणणारा अंत्वान मोरँ नावाचा जाणकार त्यांनी हाताशी धरला. ऊस तोडणं, गाळणं आणि कढई ढवळणं गुलामांच्या वाट्याला. साखरेच्या भरभराटीनं या भागात गुलामांची खरेदी किती वाढली, ते लादी सांगत नाही. बोरे पुढं नगराध्यक्ष झाले. त्यांचा नातू, इतिहासकार शार्ल गायार्रे, त्याच कबरीत आहे.

बेर्नार द मारिन्यी यांनी फाशांचा 'क्रॅप्स' हा खेळ अमेरिकेत रुजवला, असं मानलं जातं. पंधराव्या वर्षी वडिलांची अफाट मालमत्ता हाती आली. जमिनीचे तुकडे पाडून विकले आणि एका रस्त्याला नावही 'क्रॅप्स' ठेवलं. 1868 मध्ये वारले तेव्हा त्या संपत्तीतलं फारसं उरलं नव्हतं.

[दृश्य: मागच्या बाजूचा प्रॉटेस्टंट भाग. जवळजवळ मोकळा.]

कॅथलिक नसलेल्यांची जागा मागे होती, आणि रस्त्यासाठी तिचा बराचसा भाग गेला. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, इमारतीवर काम केलेले वास्तुविशारद बेंजामिन लाट्रोब इथं शहराची पाणीयोजना बांधायला आले आणि 3 सप्टेंबर 1820 रोजी पिवळ्या तापानं गेले. त्यांचा मुलगा हेन्री तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला, त्याच तापानं गेला होता. लाट्रोब यांची कबर आज दाखवता येत नाही.

[दृश्य: इटालियन मंडळाची मोठी संगमरवरी कबर. नंतर पांढरा पिरॅमिड.]

घरची कबर परवडत नसे ते परस्पर साहाय्य मंडळाचे सभासद होत. वर्गणी भरली की मंडळाच्या कबरीत जागा. इटालियन मंडळाची ही कबर 1857 ची. आराखडा पिएत्रो ग्वाल्दी यांचा. त्याच वर्षी तेही तापानं गेले आणि इथंच ठेवले गेले.

आणि हा नऊ फुटी पिरॅमिड नटवर्य निकोलस केज यांचा. 2010 मध्ये घेतलेला, आत अजून कुणी नाही. चाहते त्यावर लिपस्टिकचे ओठ उमटवतात. लिपस्टिकमधलं तेल सच्छिद्र दगडात मुरतं आणि डाग राहतो.

जुनी मार्गदर्शक पुस्तकं हाती असतील तर एक दुरुस्ती करून घ्या. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर अर्नेस्ट मोरियल यांचे अवशेष 2014 मध्ये कुटुंबानं इथून सेंट लुई क्रमांक तीन या दुसऱ्या दफनभूमीत हलवले.

दफनभूमी कॅथलिक धर्मप्रांताची असली तरी एकेका कबरीची देखभाल ज्या त्या कुटुंबाकडे. पूर्वी 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे सर्व संतांच्या सणाआधी घरचे लोक येऊन सफेदी करत, त्यामुळं भिंतीला दरवर्षी ताजा चुना मिळे. वंश संपला किंवा माणसं शहर सोडून गेली की कबर बेवारशी होते. उघड्या विटांच्या बहुतेक कबरी अशाच. ज्यांची कबर इथं आहे त्या कुटुंबांना पास मिळतो, गाइड लागत नाही. दफनं अजूनही होतात, त्याच दोन कप्प्यांत.