घरच्या स्पोर्ट्स कारसाठी पाइप घेताना आणि कापताना

नमस्कार मंडळी. आज इंजिन नाही, सस्पेन्शन नाही, फक्त पाइप. कुठला घ्यायचा आणि कसा कापायचा एवढंच बोलणार आहे. कारण काय होतं, लोटस सेव्हनसारखी छोटी, उघडी स्पोर्ट्स कार घरी बांधायची असं डोक्यात आलं की सगळे आधी इंजिनमागे लागतात, ओम्नीचं घ्यावं का ईकोचं घ्यावं, मागचा एक्सल कुठे मिळेल, आणि पाइप मात्र कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जो पडलेला असेल तो उचलून आणतात. हे मला मनापासून खटकतं. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, सरळ होणार का वाकडी हे पाइप कापतानाच ठरून जातं, वेल्डिंगवाल्याच्या हातात त्यानंतर फार काही उरत नाही.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणाचा हिरमोड नको. अशी गाडी बांधली म्हणून तिला पासिंग मिळत नाही. आपल्याकडे गाडीचा प्रोटोटाइप एआरएआयसारख्या संस्थेकडून टेस्ट होऊन पास व्हावा लागतो, ती आपल्या पुण्यातल्या कोथरूडच्या टेकडीवरची संस्था, आणि एका घरगुती गाडीसाठी तो खर्च झेपणारा नाही. ट्रॅकवर किंवा स्वतःच्या जागेत चालवायची असं धरूनच कामाला लागा.

तर, सेव्हन 1957 ची, कॉलिन चॅपमनची. तिच्या धर्तीवर पुढे लोक घरी ज्या गाड्या बांधायला लागले त्यांची चॅसी मुख्यतः एक इंची चौकोनी पाइपची, 16 गेज, म्हणजे साधारण 1.6 एमएम जाड. चौकोनी का, तर सरळ काप मारला की पाइप समोरच्या पाइपवर सपाट बसतो. गोल पाइपला तोंडाशी गोल खाच काढावी लागते, ती हाताने कानस मारून काढत बसलात तर वर्ष जाईल.

मग पुढचा प्रश्न येतो ग्रेडचा. दर वेळी कोणीतरी विचारतंच, सर क्रोमोली 4130 कुठे मिळेल, ते मजबूत मिश्र स्टील हो. अहो, गाडी वळणात पिळली जाते तेव्हा चॅसी किती ताठ राहते हे स्टीलच्या ग्रेडवर नसतंच. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील घ्या नाहीतर 4130 घ्या, दोघांचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचा आकडा, साधारण 200 ते 210 जीपीए, म्हणजे सारखाच. ग्रेड वाढला की पाइप कायमचा वाकायला जास्त जोर लागतो, ताठपणा वाढत नाही. ताठपणा येतो त्रिकोणांमधून, तिरके पाइप कुठे टाकले आणि ते जॉइंटवर बरोबर येऊन मिळतात का यातून. म्हणून आयएस 4923 या भारतीय मानकातला वायएसटी 210 किंवा 240 चा साधा ब्लॅक पाइप पुरतो, 210 म्हणजे यील्ड, पाइप ज्या ताणाला कायमचा वाकायला लागतो तो, 210 एमपीए, आणि वाचलेले पैसे ब्रेकवर घाला. रोल बारचं, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीचं, मात्र वेगळं, तिथे हा फर्निचरचा पाइप अजिबात चालणार नाही. बाहाच्या, म्हणजे कॉलेजच्या मुलांनी बांधलेल्या ऑफ-रोड गाड्यांच्या, स्पर्धेत उतरलेली मुलं इथे असतील तर त्यांना माहीत आहे, तिथे रोल केजच्या स्टीलमध्ये कार्बन किमान 0.18 टक्के लागतो आणि सर्टिफिकेट दाखवावं लागतं. तुम्हीही रोल बारचा पाइप सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय घेऊ नका.

आता बाजारात जाऊ. भवानी पेठ, किंवा भोसरी-चिंचवडकडची गोदामं. जाताना खिशात तीन गोष्टी: कटिंग लिस्ट म्हणजे कुठला तुकडा किती लांब त्याची यादी, जाडी मोजायचं व्हर्निअर, आणि एक छोटी कानस. कानस कशाला, तर पाइपच्या तोंडाला बर, म्हणजे कापताना उठलेली खरखरीत धार असते, तिच्यावरच व्हर्निअर लावलं तर 1.4 चा पाइप 1.6 दाखवतो. बर काढा, मग मोजा, चारही बाजूंना मोजा, कोपऱ्यात मोजू नका. तरी शंका असेल तर वजन करा, हा माझा सगळ्यात आवडता उपाय, कारण काट्यापुढे कोणाचं चालत नाही. 25 बाय 25, जाडी 1.6, मीटरला 1.17 किलो. सहा मीटरचा अख्खा पाइप म्हणजे सात किलो. तोच 6.2 किलो भरला तर तो 1.4 चा आहे, त्यावर खडूने 16 गेज लिहिलेलं असलं तरी. एका दुकानात मला सांगितलं, साहेब एवढं कोण बघतं, ग्रिलला चालतो. ग्रिलला चालत असेल, मी तिथून घेतला नाही.

समजा तुमच्या ड्रॉइंगला 40 मीटर पाइप लागतो. 1.6 मध्ये तो 47 किलो होतो, 2 एमएममध्ये 58. अकरा किलो जास्त, आणि ही गाडी हलकी राहावी म्हणूनच तर बांधायची. बरेच जण म्हणतात पातळ पाइपला वेल्डिंग करताना भोक पडतं म्हणून दोनचा घेतो. मिग, म्हणजे गॅस आणि तारेचं वेल्डिंग, हातात बसलेला माणूस असेल तर 1.6 ला काही होत नाही, पण तुमचा वेल्डर फक्त आर्कवर, म्हणजे रॉडच्या वेल्डिंगवर, काम करणारा असेल तर दोनचा घ्या आणि वजन सोसा, माझं त्याला ना नाही. भाव किलोवर असतो, वर 18 टक्के जीएसटी, पक्कं बिल घ्या. हिशोब केलात तर कळेल की अख्ख्या गाडीच्या खर्चात पाइपचा वाटा छोटाच आहे, तेव्हा इथे घासाघीस करून वाकडे पाइप गळ्यात मारून घेऊ नका. प्रत्येक पाइप डोळ्याजवळ धरून लांबीत बघा, मग सपाट जागी ठेवून पीळ आहे का बघा. वाक एकवेळ काढता येतो, पीळ आलेला पाइप परत ठेवा. आणि चमकणारा जीपी पाइप नको, त्यावर झिंक असतं, वेल्डिंगला त्याचा पांढरा धूर येतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो.

पाइप वीस फुटी, छोट्या हत्तीत मावत नाही, मागे लोंबतो. दुकानदार म्हणेल अर्धा करून देतो. तसं करू नका, लिस्ट बघून सांगा कुठे कापायचं, नाहीतर लांब तुकड्याला चार बोटं कमी पडतात.

कापायचं. चौदा इंची कटऑफ मशीन भाड्याने मिळतं, चालेल, फक्त त्याच्यावरच्या डिग्रीच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. नव्वदला लावा, एक तुकडा मधोमध कापा, दोन्ही तोंडं समोरासमोर ठेवा आणि एक तुकडा उलटा करा, म्हणजे वरची बाजू खाली. फट दिसली तर जेवढी चूक आहे तिच्या दुप्पट ती दिसते. एक डिग्री चुकली तर 25 एमएमच्या पाइपला फट अर्ध्या एमएमपेक्षाही कमी, डोळ्याला धड दिसत नाही, उलटं केल्यावर 0.87 दिसते. आणि हीच एक डिग्री दोन फुटी पाइपच्या टोकाला जाऊन एक सेंटीमीटर होते. गुण्याही असाच तपासा, रेघ मारा, गुण्या पलटा, त्याच बिंदूतून परत रेघ मारा. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी सी-क्लॅम्प चांगले मिळतात, गुण्या मात्र तिथून घेतलात तर तिथेच पुठ्ठ्यावर तपासून घ्या.

फट का नको? वेल्ड थंड होताना आखडतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो. फट जितकी मोठी तितका माल जास्त भरावा लागतो, तितकी ओढ जास्त, आणि चाळीस जॉइंटची ओढ एका दिशेला जमली की चॅसी केळ्यासारखी होते. म्हणून तोंड असं बसलं पाहिजे की फटीत कागदसुद्धा सरकता कामा नये.

खुणेला खडू नको, खडूची रेघच दोन एमएम जाड असते. टोकदार स्क्राइबर घ्या, आणि ब्लेड रेघेच्या कुठल्या बाजूला येणार ते फुलीने दाखवा. ब्लेड अडीच-तीन एमएम खातं, पन्नास कापात अर्धा फूट पाइप नुसता ठिणग्यांमध्ये जातो, तो लिस्टमध्ये धरा. टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वापरा. डावा-उजवा जो जोड आहे तो मोजून कापू नका, मशीनला स्टॉप लावा आणि दोन्ही त्याच स्टॉपला टेकवून लागोपाठ कापा, लांबीत एक एमएमची चूक असेल तरी दोघांत सारखी असेल. तिरक्या कापाला ब्लेड दाबू नका, ते वाकतं आणि काप पोटात जातो, स्वतःच्या वजनाने उतरू द्या. मोठे आधी कापा, उरलेल्यातून छोटे निघतात.

आणि सगळं एकदम कापायचं नाही! हे मी ओरडून सांगतो. आधी फक्त खालची फ्रेम. प्लायवर मांडा, कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले की टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टिपके, मारा, मग उभे पाइप, आणि तिरके पाइप तर ड्रॉइंगवरून कापूच नका, ते जिथे बसणार तिथलं माप प्रत्यक्ष फ्रेमवर घ्या.

मागून प्रश्न आलाय, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कापलं तर चालेल का. शेजाऱ्यांच्या गाड्या जवळ असतील तर नाही. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण, तो काचेत रुततो, रंगात रुततो, नंतर पावसात तिथे गंजाचे ठिपके येतात आणि भांडण कायमचं होतं. गाड्या हलवून, ओला पडदा लावून, पाण्याची बादली जवळ ठेवून करा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे फिरतो, गार्ड काढायचं नाही, गॉगल लावायचा, ओढणी-मफलर लांब ठेवायचं. डिस्कच्या मधल्या लोखंडी रिंगवर एक्सपायरी छापलेली असते ती बघा, आतलं रेझिन जुनं झालं की डिस्क फुटते.

अजून एक, जूनच्या आत वेल्डिंग होणार नसेल तर पाइप आत्ता कापू नका. पुण्याच्या पावसाळी हवेत कापलेलं तोंड रात्रीत लाल होतं. कापून झालेच असतील तर प्रत्येकावर नंबर पंच करा, तोंडांना तेल लावा, जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, आणि तेल काढायचं ते वेल्डिंगच्या दिवशी सकाळी, थिनरने, तोंडापासून दोन इंच आत-बाहेर चकचकीत होईपर्यंत.