भाकरीचा घास आणि २६ ग्रे

[दृश्य: पहाट उलटून गेलेली. डोंबिवलीहून सुटलेली लोकल, महिलांचा डबा.]

चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून बसलेल्या या मुलीच्या मोबाईलवर काय चाललंय, हे शेजारच्या काकू मघापासून वाकून बघतायत. मालिका नाही, बातम्या नाहीत. एक करडं चित्र आहे, माणसाच्या मानेचा आडवा छेद. त्यावर कुणीतरी हिरव्या रेषेनं सावकाश एक आकार काढतंय. शेवटी काकूंनी विचारलंच, "हे काय गं?"

"लाळेची ग्रंथी, काकू. इथे, कानाच्या खाली असते. ती वाचवायची असते."

तिचं नाव आपण घेणार नाही, तशी तिचीच इच्छा आहे. बी.एस्सी.ला तिचा विषय फिजिक्स होता. आता ती मुंबईतल्या एका रुग्णालयात रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांना किरणांचे उपचार देते. रुग्णाला टेबलावर झोपवायचं, डोकं हलू नये म्हणून मास्क बसवायचा, लेझरच्या रेषा खुणांवर जुळवायच्या, बाहेर येऊन दार लावायचं आणि मशीन सुरू करायचं. दिवसभर हेच. रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडतो आणि सुरू होतो दुसरा अभ्यास, मेडिकल डोसिमेट्रीचा, म्हणजे किरणांचा डोस कुठे किती द्यायचा ते आखण्याचा. व्याख्यानं रात्री उतरवून घ्यायची आणि सकाळी गाडीत पुन्हा बघायची, असा तिचा नेम आहे.

[दृश्य: रुग्णालयाचा तळमजला. बाकावर बसलेली माणसं. चेहरे दिसत नाहीत.]

इथे बसलेल्या माणसाला विचारा कशाला आलात, तर तो सांगेल, "लाइट घ्यायला." हिंदी बोलणारा म्हणेल, "सिकाई," म्हणजे शेक. शब्द चुकीचा म्हणवत नाही, पण यात ऊब कुठेच नाही. डोसचं एकक आहे ग्रे. एका किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा जिरली, की झाला एक ग्रे. घशाच्या कॅन्सरला बऱ्याचदा सात आठवड्यांत ३५ वेळा मिळून ७० ग्रे देतात. तेवढीच ऊर्जा पाण्याला दिली, तर ते एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकंही तापणार नाही. पण हीच ऊर्जा पेशीच्या डीएनएला तोडते, आणि गाठीच्या पेशीला ती मोडतोड सावरता येत नाही.

शेजारच्या निरोगी पेशींचं काय? सगळा पेच तिथेच आहे.

डॉक्टर सांगतात, गाठीला ७० ग्रे हवेत. पण गाठीच्या मागे, काही सेंटिमीटरवर, मज्जारज्जू आहे. त्याला साधारण ४५ ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नाही. कानाखालच्या लाळग्रंथीचा सरासरी डोस २६ ग्रेच्या आत राहिला, तर तिची लाळ परत येण्याची आशा असते. किरण कुठल्या कोनातून सोडायचे, प्रत्येक कोनातून किती, मशीनच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या कुठे उघडायच्या आणि कुठे मिटायच्या, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. अमेरिकेत त्या माणसाला मेडिकल डोसिमेट्रिस्ट म्हणतात. त्यांची संघटना १९७५ सालची, प्रमाणपत्र परीक्षाही स्वतंत्र. आपल्याकडे या नावाची पाटी क्वचितच दिसते. हे काम मेडिकल फिजिसिस्ट करतात, आणि हाताशी टेक्नॉलॉजिस्ट असतात.

[दृश्य: डोंबिवलीतलं घर, रात्र. स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी टेबल, लॅपटॉप.]

कॅन्सरच्या उपचाराचं काम ऑनलाइन शिकायचं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही ते खटकलं. ऑपरेशन असं शिकता येईल का? नाही. पण दोन रात्री तिच्या मागे बसून चित्रीकरण केलं आणि लक्षात आलं, की हे काम मुळातच पडद्यावरचं आहे. सीटी सिम्युलेटरमधून, म्हणजे आखणीसाठी स्कॅन काढणाऱ्या मशीनमधून, निघालेले तीन-तीन मिलिमीटरचे छेद, एकामागे एक. प्रत्येक छेदावर ग्रंथी, जबडा, मज्जारज्जू यांच्या कडा रेखायच्या. रुग्णालयातला फिजिसिस्टही हे असंच करतो, असाच खुर्चीत बसून.

सरावासाठी साहित्यही आहे. हायडेलबर्गच्या जर्मन कॅन्सर संशोधन केंद्रानं मॅटरॅड नावाचं प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर शिकण्या-शिकवण्यासाठी मोफत खुलं केलंय. ओळख पुसलेल्या रुग्णांचे स्कॅन सार्वजनिक संग्रहांत मिळतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे ई-लर्निंगचे पाठ आहेत. तिच्याकडे जुना लॅपटॉप आहे. डोसचं गणित घातलं की पंखा घरघरतो आणि आई आतून ओरडते, "अगं, बंद कर ते, पेटेल!"

पण मला सगळ्यात आवडली ती तिची वही. दोनशे पानी, चौकटीची. सॉफ्टवेअर उत्तर देतं ते खरं कशावरून? म्हणून ती एका साध्या बीमचं, म्हणजे किरणांच्या एका झोताचं, गणित आधी हातानं करते. प्रश्न असा: मशीनच्या स्रोतापासून त्वचेचं अंतर १०० सेंटिमीटर हवं होतं, चुकून १०५ झालं. डोस किती कमी झाला? किरण पसरत जातात, म्हणून अंतराच्या वर्गाच्या हिशेबानं विरळ होतात. शंभर भागिले एकशे पाच, त्याचा वर्ग, पॉइंट नऊ शून्य सात. म्हणजे नऊ टक्के गेले. तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी रोज ते अंतर बघते. पाच सेंटिमीटर म्हणजे नऊ टक्के, हे आत्ता कळलं."

त्याच पानाच्या खाली कोबाल्टचं गणित आहे. काही मशीनमध्ये किरण देणारा कोबाल्ट ६० दर ५.२७ वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का. म्हणून कोबाल्टच्या मशीनवर तोच डोस द्यायला दर महिन्याला थोडा जास्त वेळ लागतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं बनवलेलं भाभाट्रॉन हे उपचाराचं मशीन कोबाल्टवरच चालतं. जिथे महागडी मशीन परवडत नाहीत, तिथे हेच गणित रोज लागतं.

[दृश्य: अणुशक्तीनगरचा रस्ता, दुपार.]

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण ती कळली नाही तर मुलांची वर्षं वाया जातात. काही महिन्यांत घरबसल्या डोसिमेट्रिस्ट व्हा आणि परदेशात नोकरी मिळवा, अशा जाहिराती फिरतात. अमेरिकेतली परीक्षा २०१७ पासून फक्त मान्यताप्राप्त कार्यक्रमातून शिकलेल्यांनाच देता येते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस शाखेसारख्या ठिकाणी वर्ग ऑनलाइन भरतात हे खरं, पण विद्यार्थ्याला महिनोन्‌महिने प्रत्यक्ष रुग्णालयात बसावंच लागतं. नुसत्या पडद्यावर तिथेही कुणी पास होत नाही.

आपल्याकडचा रस्ता या मुंबईतूनच जातो. परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं. १९६२ पासून भाभा केंद्र रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम चालवतं आहे. एम.एस्सी. फिजिक्स, त्यावर असा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, मग रेडिओथेरपी विभागात वर्षभराची इंटर्नशिप. हे झालं की मेडिकल फिजिसिस्ट. पात्रतेचे नियम अणुऊर्जा नियामक मंडळाचे, आणि ते कडक आहेत. असावेतच. ही मुलगी हे सगळं जाणून आहे. ऑनलाइन अभ्यासानं तिला पद मिळणार नाही. तिला एम.एस्सी. करून त्या रांगेत उभं राहायचंय, आणि उभं राहताना हात कोरे नकोत, एवढंच तिचं म्हणणं. मला ते पटतं.

[दृश्य: प्लॅनिंग रूम. दोन पडदे, दोन खुर्च्या.]

विभागातले फिजिसिस्ट सर तिला आता निरोगी अवयवांच्या कडा रेखायला देतात. मग स्वतः एकेक छेद तपासतात. पहिल्या महिन्यात तिनं ग्रंथी काढली ती पुस्तकातल्यासारखी, गुळगुळीत. सर म्हणाले, "अगं, या माणसाचे दात भरलेत. त्या धातूच्या रेघा चित्रात पसरल्यात, त्यालाच तू ग्रंथी समजलीस." सरावाचे स्कॅन निवडून ठेवलेले असतात. खऱ्या माणसाच्या तोंडात चांदी असते, मान वाकडी असते, खोकला येतो.

आणि माणूस बारीक होतो. हे कुठल्याच व्याख्यानानं तिला इतकं शिकवलं नव्हतं. घसा सोलवटला की गिळवत नाही. चौथ्या आठवड्यापर्यंत गाल आत जातात. पहिल्या दिवशी चेहऱ्यावर घट्ट बसलेला प्लास्टिकचा मास्क सैल होतो. आत मान किंचित फिरली, की लाळग्रंथी सरकते, आणि पडद्यावर २४ ग्रे दाखवणारा आकडा खरा राहत नाही. हे आधी दिसतं ते मास्क लावणाऱ्या हातांना. एका काकांच्या बाबतीत तिनंच जाऊन सांगितलं, "सर, मास्कमध्ये माझं बोट जातंय." पुन्हा सीटी झाला, नवा प्लॅन बनला. उरलेले दिवस त्या प्लॅनवर गेले.

[दृश्य: तोच तळमजला, काही महिन्यांनंतर. पाठमोरे एक गृहस्थ, हातात पाण्याची बाटली.]

हे ते काका. साताऱ्याकडचे. उपचाराचे सात आठवडे ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले होते. आज तपासणीला आलेत. गाठ उजवीकडे होती, त्यामुळे उजवी ग्रंथी वाचवता आली नाही. डावी २६ च्या आत ठेवली होती.

"काका, जेवण जातं का?"

"वरणभात जातो, ताई. भाकरी अजून कोरडी नाही जात. दुधात कुस्करली तर जाते."

"पाणी किती लागतं घासाला?"

काकांनी जरा विचार केला. "आधी घासाला घोट लागायचा. आता दोन-तीन घासांना एक."

तिनं हे कागदावर लिहून घेतलं. मग प्लॅनिंग रूममध्ये जाऊन सरांना तो जुना प्लॅन उघडायला सांगितला, आणि डाव्या ग्रंथीच्या आकड्यापुढे वहीत लिहिलं: दोन-तीन घासांना एक घोट.