तोंडातला जंतू आतड्यात काय करतो?

परळ. टाटा मेमोरियल हॉस्पिटल, 1941 पासून सुरू, आणि बाहेरच्या फुटपाथवर फाइली घेऊन बसलेले नातेवाईक. कोलन कॅन्सरवाल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो: "गाठ मोठ्या आतड्यात होती ना, मग लिव्हरमध्ये कशी गेली?"

रस्ता तसा सरळ आहे, आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेनमधून लिव्हरमध्येच जातं. पण कॅन्सरची पेशी मुळात जागा सोडून का निघते? यात बॅक्टेरियाचाही हात असू शकतो.

फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. नाव घेताना जीभ वळत नाही आणि राहतो मात्र तिच्याच शेजारी, दातांवरच्या प्लाकमध्ये, हिरड्यांच्या फटीत. 2012 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन टीम्सना हा कोलनच्या गाठींमध्ये सापडला, शेजारच्या चांगल्या भागापेक्षा बराच जास्त.

कॅन्सरच्या पेशीवर एक ठराविक साखर जास्त असते, आणि या जंतूचं फॅप-टू नावाचं प्रोटीन ती साखर गर्दीच्या लोकलमध्ये हँडल पकडावं तशी घट्ट पकडतं. वर हेच प्रोटीन आपल्या इम्युन पेशींचा ब्रेकही दाबतं, म्हणजे पहारेकरी समोर असून गप्प.

आता खरी गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर. 2020 मध्ये व्हर्जिनिया टेकच्या लॅबमध्ये कोलन कॅन्सरच्या पेशींना या जंतूचा संसर्ग केला, तर त्या पेशींनी आयएल-८ आणि सीएक्ससीएल-१ असे दोन केमिकल सिग्नल बाहेर सोडले, आणि या पेशी ज्यात ठेवल्या होत्या ते द्रव, ज्यांना जंतू शिवलाही नव्हता अशा कॅन्सर पेशींना दिलं तर त्याही सरकायला लागल्या! म्हणजे जंतू सगळ्यांना चिकटायची गरजच नाही. अर्थात हे लॅबच्या डिशमधलं आहे, माणसाच्या पोटात अगदी असंच घडतं असं यावरून म्हणता येत नाही.

पण 2017 चं काम बघा. लिव्हरमध्ये पसरलेल्या गाठींतही हाच जंतू, मूळ गाठीतल्याशी जुळणारा. माणसाच्या गाठी उंदरांमध्ये लावल्या तर तिथेही तो जिवंत राहिला, आणि उंदरांना मेट्रोनिडाझोल दिल्यावर गाठींची वाढ मंदावली. हो, तीच, लूज मोशनला आपल्याकडे सर्रास घेतात ती गोळी. आणि नाही, हे ऐकून लगेच केमिस्टकडे जाऊ नका, उंदरांवरचा प्रयोग होता तो, आणि अँटिबायोटिक पोटातले कामाचे जंतूही मारतं.

शिवाय सगळे फ्युसोबॅक्टेरियम सारखे नाहीत. 2024 मध्ये कळलं की कोलनच्या गाठींमध्ये त्याचा एकच उपगट भरलेला असतो, तपासलेल्या गाठींपैकी साधारण निम्म्यांमध्ये तो होता, आणि पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये तो जास्त तग धरतो. तोंडातून निघून इतक्या खाली तो पोचतो कसा, याचा एक धागा बहुतेक तिथेच आहे.