बायोसची फाइल: नाव बदलून भागत नाही

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय ‘इम्युलेटरमध्ये बायोस कसा बसवावा’. इम्युलेटर म्हणजे जुन्या खेळयंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, आणि बायोस म्हणजे त्या यंत्राच्या आत कायमचा बसवलेला कोड. तो कसा बसवायचा ते सांगणारच आहे, पण आधी मनात खदखदणारी एक गोष्ट बोलून घेतो. कुणाचा प्लेस्टेशनचा खेळ सुरू होत नाही, पडदा काळाच राहतो, की त्याला हमखास सल्ला मिळतो: मिळेल ती बायोसची फाइल घे, नाव बदल, चालून जाईल. नाही हो चालत! आणि चुकून चाललंच तर पुढे मेमरी कार्डावर सेव्ह करताना अडकतं, आणि खापर फुटतं ते इम्युलेटर लिहिणाऱ्याच्या डोक्यावर. ही माणसं आपला वेळ खर्चून, बहुतेकदा एक पैसा न घेता, जुनी यंत्रं जिवंत ठेवतात. त्यांच्या वाट्याला हे यावं याचा मला मनापासून राग येतो.

बायोस म्हणजे सुरुवातीला लोगो दाखवणारा तुकडा, एवढीच अनेकांची समजूत असते. एक अगदी छोटा बायोस घ्या. मूळ गेम बॉयचा बूट रॉम, म्हणजे यंत्र चालू होताच चालणारा कोड, अवघा २५६ बाइटचा. वरून खाली सरकत येणारा तो लोगो आठवतोय ना? हात वर करा बघू! वा, बरेच आहेत. तर तो लोगो कन्सोल, म्हणजे खेळाचं यंत्र, चक्क कार्ट्रिजमधून, म्हणजे खेळाच्या कॅसेटमधून वाचतो, दाखवतो, आणि मग त्याचे ४८ बाइट स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो. एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी तिथेच थांबतो. त्यामुळे कार्ट्रिज नीट बसलं नसलं की वेडावाकडा पट्टा खाली यायचा आणि पुढे काहीच नाही.

प्लेस्टेशनचा बायोस ५१२ केबीचा. खेळ सुरू झाला म्हणून त्याचं काम संपत नाही. खेळाचा कोड ए-शून्य, बी-शून्य, सी-शून्य या ठरलेल्या पत्त्यांवर उडी मारून त्याच्याकडून कामं करून घेतो: फाइल उघड, मेमरी कार्ड वाच. म्हणून आतला मजकूर तंतोतंत हवा.

आता माझी आवडती हकिगत. कनेक्टिक्स नावाच्या कंपनीला मॅकवर प्लेस्टेशनचे खेळ चालवायचे होते. १९९८च्या सप्टेंबरात त्यांनी सोनीला भेटून तांत्रिक मदत मागितली. सोनीने नकार दिला. त्यांच्या इंजिनिअरांनी विकत घेतलेल्या कन्सोलमधून बायोस आधीच काढला होता; तो कसा वागतो ते बारकाईने पाहिलं आणि तसाच वागणारा स्वतःचा बायोस लिहिला. ‘व्हर्च्युअल गेम स्टेशन’ १९९९ मध्ये बाजारात आलं, तेव्हा त्यात सोनीचा कोड नव्हता. सोनी कोर्टात गेली, मनाई हुकूमही मिळवला. पण फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो उठवला. अभ्यासासाठी मधल्या टप्प्यावर केलेल्या प्रती न्याय्य वापरात बसतात, असं त्यांनी म्हटलं. आपल्या छंदाला एवढा मोठा आधार दुसऱ्या कुठल्या निकालाने क्वचितच दिला असेल. आणि पुढच्याच वर्षी सोनीने ते सॉफ्टवेअर विकत घेऊन बंद केलं! आज काही इम्युलेटरांत अंगभूत पर्यायी बायोस असतो तो याच वाटेवरचा. पण काही खेळ त्याच्यावर अडखळतात, तिथे मूळचाच लागतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर भराभर.

रेट्रोआर्कमध्ये, म्हणजे अनेक इम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बायोस ‘सिस्टिम’ फोल्डरात जातो. कोअर, म्हणजे त्यातला एकेक इम्युलेटर, लोड करून त्याची माहिती उघडलीत की कुठली फाइल हवी आणि कुठली सापडली नाही ते तिथे दिसतं. आधी तेच वाचा. बीटल कोअरला प्लेस्टेशनसाठी प्रदेशानुसार फाइल लागते: जपानला ५५००, अमेरिकेला ५५०१, युरोपला ५५०२. आधी ‘एससीपीएच’, शेवटी ‘बिन’, म्हणजे scph5501.bin असं. लिनक्सवर सगळी इंग्रजी अक्षरं लहान लिपीतच हवीत, विंडोज चालवून घेतं. पण विंडोज नावाचं शेवटचं शेपूट, म्हणजे एक्स्टेंशन, लपवतं, म्हणून नाव देताना ‘बिन’ दोनदा लागतं आणि माणूस तासभर शोधत बसतो. तेवढं तपासा.

मग आकार बघा: बरोबर ५,२४,२८८ बाइट. मग एमडी५ चेकसम, म्हणजे मजकुरावरून निघणारा फाइलचा ठसा, काढा, विंडोजवर सर्टयुटिलने, लिनक्सवर एमडी५समने. ५५०१चा चेकसम ४९०एफ६६६ई असा सुरू होतो. कोअरच्या कागदपत्रात पूर्ण दिलेला असतो, त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. नाही जुळला तर ती फाइल टाकून द्या, नाव कितीही बरोबर असो.

ड्रीमकास्टच्या बायोसच्या फाइली ‘सिस्टिम’मध्येच ‘डीसी’ नावाच्या फोल्डरात. निओ जिओच्या बायोसची झिप उघडायची नाही, तशीच खेळांच्या शेजारी ठेवायची. सुपर निन्टेन्डो किंवा कार्ट्रिजवाल्या मेगा ड्राइव्हला बायोस लागतच नाही, उगाच शोधू नका. बायोसवर कंपनीचा कॉपीराइट आहे, तेव्हा तो आपल्याच कन्सोलमधून काढा. कसा काढायचा ते दाखवायला जुना प्लेस्टेशन बरोबर आणलाय. ज्यांना थांबता येईल त्यांनी पुढच्या टेबलापाशी या.