टेबलावर चालतं, टाकीवर चालेल का?

(फोंडा परिसरात विद्यार्थी आणि होतकरू उद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, शाळेच्या कुठल्याही विज्ञान प्रदर्शनाला जा, दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, थर्मोकोलचा ज्वालामुखी. दुसरी, टाकी भरली की वाजणारा गजर. ज्वालामुखी सोडून देऊ. आज बोलायचंय ते त्या गजरावर.

कारण गरज खरी आहे. पंप सुरू करायचा, स्वयंपाकघरात जायचं, आणि गच्चीवरून पाणी कोसळायला लागलं की शेजाऱ्याने हाक मारायची, हे घरोघरी चालतं. सर्किट सोपं आहे, सुटे भाग स्वस्त आहेत, नववीतला मुलगा एका रविवारी करून दाखवतो. मग बक्षीस मिळालेला तो गजर पुढच्या वर्षी त्याच्या स्वतःच्या घरच्या टाकीवर तरी का नसतो? माझं म्हणणं एवढंच आहे: तुम्ही शेजारी उभे नसताना जे चालतं, त्यालाच उत्पादन म्हणायचं. बाकी सगळं प्रात्यक्षिक.

आता जवळून बघू. प्रदर्शनातल्या गजरात तांब्याच्या दोन तारा पाण्यात सोडलेल्या असतात. पाणी तारांना टेकलं की थोडा प्रवाह वाहतो, ट्रान्झिस्टर, म्हणजे इवलासा इलेक्ट्रॉनिक स्विच, चालू होतो, बझर वाजतो. टेबलावर झकास. पण हा डीसी प्रवाह रोज एकाच दिशेने वाहत राहिला तर विद्युत अपघटन होतं. धन टोकाची तार विरघळत जाते, काळी-हिरवी पडते, आणि एक दिवस गजर गप्प होतो. वर ते विरघळलेलं तांबं जातं कुठे? पिण्याच्या पाण्यात. प्रदर्शनात हा प्रश्न कुणी विचारत नाही, गिऱ्हाईक विचारतं. उपाय अवघड नाही. तांब्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घ्यायच्या. किनाऱ्याकडे बोअरचं पाणी मचूळ असेल तर 304 ऐवजी 316 प्रतीच्या. प्रवाह सतत ठेवायचा नाही. काही सेकंदांनी एकदा, काही मिलिसेकंदांपुरता, आणि दर वेळी दिशा उलटी करून. मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे कोडवर चालणाऱ्या छोट्या चिपच्या, दोन पिना आणि चार ओळींचा कोड, बस.

कुणी म्हणेल, पाण्याला हातच कशाला लावायचा, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर लावू. लावा, पण झाकण बंद असलेल्या टाकीत आत वाफ धरते, थेंब सेन्सरच्या तोंडावर बसतात, आणि बाजारातला तो उघड्या जाळीचा स्वस्त सेन्सर थोड्याच काळात गंजतो. जलरोधक प्रकार मिळतो, पण त्याला साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. म्हणजे टाकी काठोकाठ भरत आली की नेमका तेव्हाच तो आंधळा. मला विचाराल तर तरंगता गोळा, त्यात लोहचुंबक आणि नळीत रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की आपोआप जुळणारा स्विच. जुनं तंत्र आहे, पाण्यातून वीज जात नाही. फक्त आपल्या लोहयुक्त पाण्याचा तांबूस थर गोळ्यावर चढून तो अडकतो. तेव्हा गोळा हाताने काढून धुता येईल अशी रचना करा.

सर्किट ठेवायच्या डब्याकडे मुलं दुर्लक्ष करतात, आणि गोव्यात माल मरतो तो डब्यातच. इथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, खारी हवा, आणि एप्रिल-मेचं गच्चीवरचं ऊन. थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये काढलेला डबा साठेक अंशांना मऊ पडतो. उन्हात काळा डबा त्याच्या जवळपास सहज जातो. शंभर नगांपर्यंत साचा पाडायच्या भानगडीत पडू नका, साच्याला लाखांत पैसे जातात. इलेक्ट्रिकच्या दुकानातला आयपी65चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारा, जंक्शन बॉक्स घ्या, वायर खालून ग्लँडमधून, म्हणजे वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून, आत घ्या म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत शिरणार नाही. सर्किट बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल अडवणारा पातळ लेप, मारा. आणि मुंग्या! उबदार कोरडी जागा दिसली की त्या अंड्यांसकट मुक्कामाला येतात, मागोमाग पाल येते, पाल दोन टर्मिनलांवर पसरली की संपलं. हे सुट्या भागांच्या कुठल्याही डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, लिहिलेलं नसतं.

तिसरी गोष्ट गच्चीपासून घरापर्यंतच्या वायरीची. ती वायर म्हणजे विजांसाठी अँटेना. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात कडकडाट झाला की सर्किटच्या तोंडाशी टीव्हीएस डायोड, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका गिळणारा भाग, नसलेलं यंत्र जातं. वायर नकोच म्हणून बिनतारी केलंत तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीकडची, म्हणजे रेडिओ लहरींचं नियमन करणाऱ्या शाखेकडची, उपकरण मान्यता बघावी लागते. 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो, पण उपकरणाला मान्यता लागतेच. आधीच मान्यता मिळालेलं तयार रेडिओ मॉड्यूल घेतलंत तर काम बरंच हलकं होतं. विजेचंही तसंच. 230 व्होल्टचा पुरवठा स्वतः बनवू नका, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का असलेला तयार ॲडाप्टर घ्या. इथे कारागिरी दाखवायची हौस जिवावर बेतते.

आणि कृपा करून लगेच ॲप करू नका. घरातल्या आजींना ॲप नको आहे. यंत्र वाजलं की त्या विचारणार, "हें कित्याक वाजता?" टाकी भरली म्हणून, टाकी रिकामी म्हणून, की बॅटरी संपली म्हणून? तिन्हींना एकच पीं-पीं केलीत तर त्या बटण बंद करून ठेवतील आणि पुन्हा कधी चालू करणार नाहीत. भरली तर लांब आवाज, रिकामी तर दोन तुटक, बॅटरीसाठी फक्त लाल दिवा. ही रचना ठरवायला सर्किटपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

जागा आणि माणसं ओळखून यंत्र बनवणं म्हणजे काय, यासाठी आपल्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे रोगतपासणीचं यंत्र बघा. क्षयरोगाचे जंतू रेणूंच्या पातळीवर शोधणाऱ्या चाचण्या आधीही होत्या. या यंत्राचं वैशिष्ट्य हे की ते बॅटरीवर चालतं आणि मोठी प्रयोगशाळा नसलेल्या आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. वीज नसलेल्या जागी चालणं हा तिथे नंतर सुचलेला सोयीचा भाग नव्हता.

पैशांचं बोलतो. समजा सुटे भाग 400 रुपयांना पडले आणि तुम्ही 1200 ला विकलंत. ऐकायला तिप्पट. त्यातले 183 रुपये 18 टक्के जीएसटीचे. उरले 1017. दुकानदाराने पाव हिस्सा घेतला तर 763 उरतात. भागांचे 400 वजा करा, जोडणी, तपासणी आणि खोक्याचे 120 धरा. हातात 243. यातूनच बदलून द्यायचे नग, वाहनाचं पेट्रोल आणि तुमचा पगार. म्हणून 700 रुपयांना विकायचं स्वप्न बघणाऱ्याला मी आधी हा कागद करायला लावतो.

एक नग बनवणं आणि शंभर बनवणं ही दोन वेगळी कामं आहेत. शंभर करायचे तर तपासणीचा जिग, म्हणजे बोर्ड बसवून तपासायचा साचा, हवा: बोर्ड दाबला की स्प्रिंगच्या पिना टेकतात, हिरवा दिवा लागला तर पास. तो नसेल तर चुकलेलं सोल्डरिंग गिऱ्हाईकच शोधून देतं. आणि प्रत्येक महत्त्वाच्या चिपला पर्याय आधीच ठरवून ठेवा. 2021 च्या तुटवड्यात साध्या मायक्रोकंट्रोलरसाठीही लोक महिनोन्‌महिने थांबले होते.

पेटंटबद्दल नेहमी विचारतात. टाकीच्या गजरावर पेटंट मिळणं कठीण, तो कधीचा जगाला ठाऊक आहे. पण तुमच्या कल्पनेत खरोखर नवं काही असेल तर आधी अर्ज, मग प्रदर्शन. उलटं केलंत तर नावीन्यच संपतं. डब्याचा आकार वेगळा असेल तर डिझाइन नोंदणी करता येते. ती दहा वर्षांची आणि पुढे पाच वाढवून मिळते.

पहिले दहा नग फुकट वाटू नका. फुकटचं यंत्र बिघडलं तर कोणी सांगत नाही, कोपऱ्यात टाकून देतात. थोडे का होईना, पैसे घ्या, आणि ते दहाही एकाच गावात द्या. पेडण्याला एक आणि काणकोणला एक दिलात तर जुलैच्या पावसात दुरुस्तीसाठी अख्खा गोवा ओलांडावा लागेल. म्हार्दोळ, मंगेशी, प्रियोळ, एवढ्या टापूत ठेवा. बोर्ड वेगळा काढून दोन स्क्रूंत बदलता येईल असा ठेवा, म्हणजे दुरुस्ती टाकीवर बसून करावी लागणार नाही; नवा बोर्ड लावायचा, जुना घरी आणायचा आणि सावकाश बघायचा. आता प्रश्न विचारा. त्या मागच्या बाकावरच्या मुलीचा हात मघापासून वर आहे.